मार्शमॅलो कोणाच्या मुलांसमोर ठेवला होता?

पालकांच्या शिबिरांत ही गोष्ट अनेकदा ऐकायला मिळते. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर मार्शमॅलो, म्हणजे एक मऊ गोड मिठाई, ठेवायची. ‘मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील,’ असे सांगून खोलीबाहेर जायचे. जी मुले थांबतात, ती पुढे अभ्यासात चमकतात, हे तात्पर्य. मग घरी कोणी चॉकलेट ठेवून पाहते आणि मुलाने ते लगेच तोंडात टाकले की काळजीत पडते.

काळजी करण्याआधी विचारायला हवे, मूळ प्रयोगातली मुले कोण होती? वॉल्टर मिशेल यांचे हे प्रयोग १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झाले. तिथली बरीच मुले विद्यापीठाशी संबंधित, सुशिक्षित घरांतली होती. १९९० मध्ये त्यांच्या पुढच्या प्रगतीचे निष्कर्ष आले, तेव्हा प्रवेश परीक्षेचे गुण शंभराहून कमी मुलांचेच मिळाले होते.

सहज मिळतात ती माणसे घेण्याला संशोधनात ‘सोयीचा नमुना’ म्हणतात. त्यात वेळ आणि पैसा वाचतो. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण सगळी शिते पातेल्याच्या एकाच कडेची असतील तर मधला भात कच्चा आहे का, हे कळत नाही.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या आईकडे पदवी नव्हती. या मुलांमध्ये वाट पाहणे आणि पंधराव्या वर्षीची अभ्यासातली प्रगती यांचा संबंध आधीच्या निष्कर्षांच्या सुमारे निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि लहानपणची आकलनशक्ती जमेस धरल्यावर तर तोही दोन-तृतीयांशाने घटला.

प्रश्न एका प्रयोगाचा नाही. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये मानसशास्त्राच्या सहा प्रमुख अमेरिकी नियतकालिकांचा आढावा घेतला. अभ्यासांतले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. जगाच्या लोकसंख्येत या देशांचा वाटा जेमतेम १२ टक्के.

म्हणून ‘संशोधन सांगते’ असे वाचले की तीन गोष्टी पाहाव्यात: किती माणसे होती, कुठली होती आणि ती कशी निवडली. तोवर चॉकलेट खाल्ले म्हणून मुलाच्या भवितव्याचा निकाल लावू नये.