वाळलेले कंडेन्सर आणि एक सरलेलं दशक

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतलं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं एक जुनं दुकान यंदा बंद झालं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्याच सुमारास ऑनलाइन बाजारात एक सत्तरच्या दशकातला जपानी अ‍ॅम्प्लिफायर नव्या मोटारसायकलच्या भावात विकायला लावलेला पाहिला. जाहिरातीत चकचकीत दर्शनी पट्टीचे फोटो भरपूर होते, झाकण काढून आतला एकही नव्हता. दुरुस्त करणारा हात उठून गेला आणि नुसत्या रूपाला सोन्याचा भाव आला, हे मला फार लागलं.

हे कसं झालं ते सांगताना साठ-सत्तरच्या दशकांवर मी रेंगाळत नाही. आयातीवर कडक बंधनं होती. हौशी घरांत फिलिप्स, कॉस्मिक किंवा १९७० साली कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनचं यंत्र असे. सान्सुई, पायोनियर, मरँट्झ आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून, नाहीतर चोरवाटेने यायचे. तिकडे परदेशात वॉटची शर्यत लागली होती. पायोनियरचा १९७८ सालचा एसएक्स-१९८० दर चॅनलला २७० वॉट द्यायचा. त्याच वर्षीच्या एनएडी ३०२० वर आकडा होता फक्त २० वॉटचा, आणि रसिक आजही त्याच्या शोधात असतात. ऐंशीचं दशक कॅसेटींनी व्यापलं. त्याबद्दल इतरांनी पुरेसं लिहिलं आहे.

माझं दशक नव्वदचं. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि दुकानांत प्लास्टिकच्या चंदेरी म्युझिक सिस्टिम्सची रांग लागली. प्रत्येकीवर ‘पीएमपीओ’ नावाचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, हजारांतला आकडा. अमेरिकेत १९७४ पासून अ‍ॅम्प्लिफायरची सलग देता येणारी ताकदच जाहीर करायचा नियम होता. आपल्याकडे मात्र भिंतीतून जेमतेम शंभर वॉट ओढणारं यंत्र हजार वॉटचं म्हणून खुशाल विकलं गेलं. जे सॉकेटमधून येतच नाही ते स्पीकरमधून कुठून येणार? हा साधा प्रश्न ना विक्रेत्यांनी विचारला, ना त्या जाहिराती छापणाऱ्यांनी. ती फसवणूक होती, आणि तिचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कारण त्या आकड्यांना भुलून लोकांनी जड, प्रामाणिक यंत्रं घराबाहेर काढली. एक्स्चेंजमध्ये दिली, भंगारवाल्याला किलोवर दिली.

त्यातली पुष्कळशी चोरबाजारात पोचायची. शुक्रवारी सकाळी मटण स्ट्रीटवर ती फुटपाथवर मांडलेली दिसत. आम्ही ती उचलायचो आणि लॅमिंग्टन रोडच्या त्याच दुकानात दुरुस्ती करणाऱ्या मास्तरांकडे न्यायचो. मास्तर आधी प्लग बघायचे, मग मागचा व्होल्टेज सिलेक्टर. जपानमधून थेट आलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३० वर ते जळतं. त्यानंतर सिरीज बोर्ड. शंभर वॉटचा दिवा यंत्राच्या वाटेत जोडायचा. तो क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगतच राहिला तर आत शॉर्ट आहे. कित्येक ट्रान्झिस्टर त्या एका दिव्याने वाचवले.

मास्तरांचं मुख्य भांडण असे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरशी. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मधे रसायनात भिजलेला कागद, आणि पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. वर्षं सरतात तसं रसायन रबरी बुचाजवळून उडून जातं. साठवण घटते, अंतर्गत रोध वाढतो. तापमान १० अंशांनी चढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून हीटसिंकला चिकटून बसलेले कंडेन्सर सर्वांत आधी जातात. यंत्र वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं तर ऑक्साइडचा थरही झिजतो. ते एकदम पूर्ण व्होल्टेजवर चालू केलं तर कंडेन्सर फुटू शकतो. व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं तर थर पुन्हा बसतो.

आमच्या कानाला हे सगळं एकाच रूपात कळायचं. पॉवर सप्लायचा कंडेन्सर वाळला की १०० हर्ट्‌झची घुंई सुरू होते. तानपुऱ्याच्या शेजारी दुसराच कुणी बेसूर षड्ज लावून बसतो. किशोरीताई आमोणकरांचा आलाप त्या घुंईसह ऐकणं ही शिक्षा होती. कंडेन्सर बदलून, बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह) लावून मास्तर पुन्हा तीच रेकॉर्ड लावत, आणि दोन स्वरांमधली शांतता परत आलेली असे. त्या शांततेसाठीच आम्ही तिथे जात होतो.

मास्तर काय बदलायचे याहून काय बदलायचे नाहीत, ते मी जास्त शिकलो. फिल्म कंडेन्सरना ते हात लावत नसत. असे कंडेन्सर सहसा म्हातारे होत नाहीत. सप्लायचे मोठे डबे मोजून चांगले निघाले तर तसेच ठेवत. कन्नूरच्या केल्ट्रॉनचा कंडेन्सर चालत असेल तिथे महागड्या जपानी मालाचा हट्ट धरत नसत. जुन्या फिनॉलिक बोर्डावर सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकली तर तांब्याचा ट्रॅक उचलला जातो, म्हणून विनाकारण केलेली प्रत्येक बदली त्यांना नुकसान वाटे. जुन्या जपानी यंत्रांतला तपकिरी झालेला गोंद मात्र ते खरवडून काढत, कारण तो शेजारच्या पार्टांच्या तारा खातो.

पुढची वीस वर्षं होम थिएटरची, एमपी-थ्रीची आणि ब्लूटूथची. त्यांत सांगण्यासारखं थोडंच. मग रेकॉर्डची फॅशन परतली आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे भाव चढले. मास्तरांची मजुरी मात्र चढली नाही. गिऱ्हाईक यंत्रावर पन्नास हजार टाकतं आणि दोन दिवसांच्या कामाच्या दोन हजारांवर घासाघीस करतं. बाजारात नकली कंडेन्सर आणि वरचं नाव पुसून नवं छापलेले ट्रान्झिस्टर सर्रास मिळतात. सान्योचे एसटीके नावाचे पॉवर आयसी बनायचे कधीच थांबले. ‘ओरिजिनल’ म्हणून जे मिळतात त्यांतले बरेचसे नकली. विकणारा ‘सगळे कंडेन्सर नवे’ असं लिहितो, पण कोणते, कुणी घातले आणि नंतर बायस मोजला का, हे सांगत नाही. अशा बाजारात कुणाचा मुलगा बापाची इस्त्री हातात घेईल?

जुनं यंत्र घ्यायचं असेल तर झाकण उघडून दाखवायला सांगा. फुगलेले, गळलेले कंडेन्सर पाहा. स्पीकर जोडण्याआधी यंत्राच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजायला लावा. पन्नास मिलिव्होल्टच्या वर असेल तर आधी दुरुस्ती, मग सौदा. तासभर चालू ठेवून, तापल्यावर ऐका. नकार मिळाला तर उठून या. आणि किमतीचा निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच भाव बोला. हे अ‍ॅम्प्लिफायर आणखी तीस वर्षं वाजू शकतात. तुमच्या गावात इस्त्री धरणारं कुणी उरलं असेल, तर ते पैसे घासाघीस न करता त्याच्या हातावर ठेवा.