मरळ आपली पिल्ले खाते काय?

नंदुरबार तालुक्यातील कोरीट आणि भोवतालच्या तापीखोऱ्यातील गावांतून, आषाढ सरता सरता गळ घेऊन बसणाऱ्या मंडळींच्या तोंडून एक विधान हटकून ऐकू येते, आणि ते इतक्या निःशंक स्वरात उच्चारले जाते की त्याविषयी शंका घेणाऱ्यालाच अडाणी ठरवण्यात यावे. विधान असे : ‘मरळ आपली पिल्ले खाते, थव्याखाली दबा धरून बसलेली मरळ मारली, की हजार पिल्लांना जीवदान मिळते.’ या एका विधानाच्या बळावर नाल्याच्या डोहात, शेततळ्यात, गवत बुडालेल्या उथळ पाण्यात, जेथे जेथे पिल्लांचा केशरी पुंजका दिसेल तेथे तेथे गळ पडतो, पुंजक्याखालची मोठी मरळ बाहेर येते, आणि ती काढणारा गृहस्थ परोपकार केल्याच्या समाधानाने घरी जातो. पाणी जवळून पाहणाऱ्या माणसांनीच अशी समजूत बाळगावी आणि मुलांनाही ती शिकवावी, याचा मला मनापासून विषाद वाटतो. कारण वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे.

मरळीची जी जात आपल्याकडे सर्वपरिचित आहे, जिला शास्त्रात चन्ना स्ट्रायटा म्हणतात, ती मुख्यतः पावसाळ्यात, गुडघाभर पाण्यात आणि पाणवनस्पतींच्या आडोशाने आपली वीण घालते. तोंडाने गवताचे शेंडे तोडून आणि शेपटीने ते बाजूला सारून नरमादी पाण्यात एक वाटोळी मोकळी जागा तयार करतात, आणि तेलाच्या थेंबामुळे तरंगणारी पिवळसर अंडी त्या जागेत पृष्ठभागावर पसरतात. उबदार पाण्यात ती एक-दोन दिवसांत फुटतात. आणि मग काही आठवडे ती तांबूस-केशरी पिल्ले एकमेकांना चिकटून, एकाच गोळ्यासारखी फिरत राहतात, तेव्हा त्यांच्यावरचे हातभर पाणी उकळत्या आधणासारखे सतत खदखदताना दिसते. या खदखदीचे कारण असे की मरळीला केवळ कल्ल्यांवर निभावता येत नाही. तिच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा घेण्यासाठी स्वतंत्र पोकळी असते, आणि पिल्लांमध्ये ती तयार झाली की त्यांनाही वारंवार वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. त्यांच्या खाली, वीतभर वा हातभर अंतरावर, जो काळसर देह स्तब्ध उभा असतो तो पालकाचा, आणि पुष्कळदा तो नराचा असतो. ज्याला लोक दबा म्हणतात तो पहारा आहे.

मग ही विपरीत समजूत आली कोठून? तिला काही कारणे आहेत आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. पालकालाही हवा घ्यावी लागते. तो थव्याच्या मधूनच तोंड उघडून वर येतो, पिल्ले क्षणभर पांगतात, आणि काठावरून पाहणाऱ्याला वाटते की त्याने घास घेतला. दुसरे असे की मरळीच्या कुळातील एक लहान जात, चन्ना गचुआ, ओढ्याओहोळांत राहते, आणि तिचा नर अंडी व कोवळी पिल्ले आपल्या तोंडातच सांभाळतो. तोंडात शिरणारी पिल्ले ज्याने एकदा पाहिली, त्याने गिळण्याचा अर्थ काढला तर त्याचा फारसा दोष नाही. तिसरे, मत्स्यबीज केंद्रांत मरळीची पिल्ले वाढवणाऱ्यांचा अनुभव असा आहे की पिल्लांत लहानमोठेपणा आला की मोठी पिल्ले लहानांना खाऊ लागतात, म्हणून आकारानुसार त्यांची पुनःपुन्हा वर्गवारी करावी लागते. परंतु हा भावंडांचा व्यवहार झाला, आईबापांचा नव्हे.

आणि ज्यांना ग्रंथाचा दाखला हवा असतो ते फ्रान्सिस डे यांचे नाव पुढे करतात. मद्रास इलाख्यातील लष्करी वैद्य आणि पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचे इन्स्पेक्टर जनरल झालेल्या या विद्वानाने, ज्याचा ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला, असे लिहून ठेवले आहे खरे की स्वतःचे भक्ष्य स्वतः मिळवण्याइतकी पिल्ले मोठी झाली की आईबाप त्यांना हाकलून लावतात, आणि जी हटवादीपणाने मागे राहतात ती त्यांच्याच तोंडी पडतात. परंतु त्याच विद्वानाने त्याच प्रकरणात हेही नमूद केले आहे की तोपर्यंत आईबाप पिल्लांचे रक्षण करतात. आणि म्हैसूरकडील एका लष्करी अधिकाऱ्याचे असे निरीक्षणही उद्धृत केले आहे की पहाऱ्यावरचा नर मारला गेला तर त्याची जागा मादी घेते. दाखला द्यायचा तर सबंध द्यावा. पिल्ले थव्यात आहेत, केशरी आहेत, याचाच अर्थ ती अजून संगोपनाच्या काळात आहेत. आणि डे यांचे ते वाक्य या काळाला लागूच पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, मादी जागा घेते ना, मग एक नर काढल्याने काय बिघडले? बिघडते असे, की ज्याने काल थवा हेरला तो उद्या पुन्हा त्याच काठावर येतो, आणि पहाऱ्यावर आलेली मादीही काढतो.

खरा मुद्दा मरळ त्या वेळी गळ का धरते हा आहे. गळ टाकणारा रबरी बेडूक थव्याच्या पलीकडे फेकतो आणि थव्यातून पुनःपुन्हा ओढून आणतो. पहिल्या एकदोन खेपांना मरळ नुसती सरकते, आणि मग एकाएकी पाणी फोडून त्याच्यावर तुटून पडते. ही भूक नव्हे. पिल्लांवर चालून आलेल्या शत्रूचे ते निवारण आहे, आणि म्हणूनच एरवी अत्यंत सावध असलेला हा मासा त्या दिवसांत इतका सहज हाती लागतो. अमेरिकेतील बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशाचे वर्तन याच प्रकारचे आहे : तेथे नर एकटाच घरट्यावर पहारा करतो आणि जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर झडप घालतो. डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशावर केलेल्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे की असा नर पकडून थोड्या वेळाने परत सोडला तरी तेवढ्या अवधीत इतर मासे घरट्यावर तुटून पडतात, आणि पुष्कळ नर परतल्यावर ते घरटे सोडूनही देतात. तिकडील काही प्रांतांनी विणीच्या काळात बासच्या शिकारीस मनाई केली ती याच कारणास्तव. आपल्या पाण्यात मरळ उचलली की चिलापी, पाणदिवड, बगळा, खंड्या यांना तो केशरी गोळा म्हणजे राखणदार नसलेले शेत होते. पकडून सोडून देण्याचा सज्जनपणा येथे पुरेसा नाही. पहारेकरी हलवायचाच नाही, हाच येथला नियम होय.

‘मासा लाखांनी अंडी घालतो, चार मरळी गेल्या तर काय?’ हा त्याच समजुतीचा धाकटा भाऊ. रोहू-कटला पुराच्या पाण्यात लाखांनी अंडी सोडून मोकळे होतात; मरळीची अंडी काही हजारांच्या हिशेबातली, आणि ती संख्येवर नव्हे तर राखणीवर जगतात. रोहूचा न्याय मरळीला लावता येत नाही.

इतर गैरसमजांना इतका विस्तार नको. मरळ पावसाबरोबर आकाशातून पडत नाही. आटलेल्या तळ्याच्या ओल्या चिखलात ती हवेवर तग धरून असते आणि पहिल्या पाण्याबरोबर बाहेर येते, ओल्या गवतावरून थोडे अंतर सरपटूनही जाते. २००२ साली अमेरिकेत मेरिलँडमधील क्रॉफ्टन येथील तळ्यात तिची चिनी भाऊबंद सापडली तेव्हा ‘चालणारा मासा’ म्हणून तिकडे जो हाहाकार उडाला त्यात अतिशयोक्तीच फार होती. मृगाच्या सुमारास हैदराबादेत औषधासह जिवंत मरळीचे पिल्लू गिळल्याने दमा बरा होतो, याला वैद्यकीय चाचणीचा आधार नाही. नदीचा मासा बेवारशी, तेव्हा तो सुरुंगाने वा विषाने मारला तरी चालतो, असे मानणाऱ्यांनी १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम वाचावा. या दोन्ही गोष्टी त्या कायद्याने तेव्हाच गुन्हा ठरवल्या. आणि जिवंत बेडकाखेरीज मरळ येत नाही हेही खरे नाही : ती पृष्ठभागावरची हालचाल आणि आकार पाहून झडप घालते, त्यामुळे रबरी बेडूक तितकाच चालतो, शिवाय त्याचे दोन्ही गळ पाठीला टेकून वर वळलेले असल्याने गवतात अडकतही नाहीत. बारीक तंगूस मात्र येथे कुचकामी. मरळीचे दात आणि गवताची जाळी दोहोंपुढे जाड विणीचा दोराच टिकतो, आणि झडप पडताच हिसका न देता दोरा ताणला जाईपर्यंत थांबावे लागते.

पहाऱ्यावरची मरळ सोडली तर गळ टाकणाऱ्याचे वर्ष रिकामे जाईल, अशीही भीती घालण्यात येते. ती निराधार आहे. विणीच्या श्रमाने खंगलेली मरळ आश्विन-कार्तिकात अधाशीपणे खाते, आणि तेव्हा ती खऱ्या भुकेने येते. पौष-माघाच्या थंडीत, जेव्हा शीतरक्ताच्या या प्राण्याचे पचन मंदावलेले असते, तेव्हा सकाळी काठ गाठण्यात अर्थ नाही. ऊन डोक्यावर येऊन उथळ पाणी तापले की ती काठाला येते. चैत्र-वैशाखात याच्या नेमके उलट करावे : प्रकाशा आणि सारंगखेडा येथील बॅरेजांच्या साठ्यांत कडेचे पाणी निवळून उतरलेले असते, इतर मासे प्राणवायूच्या अभावाने ती कड सोडतात, हवा घेऊ शकणारी मरळ मात्र जलपर्णीच्या सावलीत टिकून राहते, आणि पहाटे वा दिवेलागणीला त्या सावलीच्या कडेने काढलेला बेडूक ती सहसा सोडत नाही.

राहता राहिला पावसाळा. पाणी खदखदताना दिसले की प्रथम पिल्लांचा रंग पाहावा. केशरी छटा असेल तर तेथे गळ टाकू नये. पिल्ले बोटाएवढी होऊन तांबूस रंग जाऊ लागला, मळकट तपकिरी झाला, आणि गोळा सुटून ती एकेकटी गवतात शिरू लागली, की पहारा संपला असे समजावे. त्यानंतर त्या पाण्यातील मोठी मरळ पुन्हा इतर माशांसारखीच शिकारीला मोकळी असते.