फसलेली पहिली निवड : संघ जोखण्याचे एक माप

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये संघ जोखण्याची एक चमत्कारिक रीत आहे. कोणी किती सामने जिंकले, किती अजिंक्यपदे मिळवली हे तर ते पाहतातच. पण वाद रंगात आला की एकमेकांच्या संघांच्या फसलेल्या निवडी उकरून काढतात. ज्या खेळाडूला मोठ्या आशेने सर्वांआधी घेतले आणि जो पुढे काहीच करू शकला नाही, त्याचे नाव घेतले की समोरचा गप्प बसतो. या रीतीत तथ्य किती आणि नुसती जिरवाजिरवी किती, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. आणि तो बास्केटबॉलपेक्षा आपल्या कबड्डीच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम तिकडची पद्धत थोडक्यात सांगतो. एन.बी.ए. या तिकडच्या स्पर्धेत तीस संघ आहेत. दरवर्षी नवे, तरुण खेळाडू संघांत येतात ते ‘ड्राफ्ट’ नावाच्या निवडीतून. तिथे बोली लागत नाही, पाळी लागते. आदल्या वर्षी जे संघ तळाशी राहिले, त्यांना पहिल्या क्रमांकांची संधी अधिक. त्यांच्यातच सोडत काढून क्रम ठरवतात. म्हणजे दुबळ्या संघाला सर्वांत चांगला मुलगा मिळावा, अशी ही सोय. साहजिकच पहिल्या फेरीतली निवड चुकली तर ती वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी राहते. १९८४ साली पोर्टलंडच्या संघाने दुसऱ्या क्रमांकाला सॅम बोवी हा उंच खेळाडू घेतला. त्याच्यानंतर तिसऱ्या क्रमांकाला शिकागोने घेतला तो मायकेल जॉर्डन. बोवीची कारकीर्द पायाच्या दुखापतींत गेली, जॉर्डनने शिकागोला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. आज चाळीस वर्षांनंतरही पोर्टलंडला हे ऐकून घ्यावे लागते.

परंतु ऐकवणारे एक गोष्ट सांगत नाहीत. जॉर्डन ज्या जागी खेळत असे त्याच जागेसाठी पोर्टलंडने आदल्याच वर्षी क्लाइड ड्रेक्सलर घेतला होता, आणि तोही पुढे नामवंत झाला. त्यांना उणीव होती ती उंच माणसाची. निवड चुकली हे खरे, पण ती मूर्खपणाची होती असे म्हणता येत नाही. याच्या उलट गोष्ट डेट्रॉइटची. २००३ साली त्यांनी दुसऱ्या क्रमांकाला डार्को मिलिचिच हा मुलगा घेतला आणि त्याच्यामागून कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड हे तिघे ओळीने दुसऱ्या संघांत गेले. याहून ढळढळीत चूक शोधून सापडणार नाही. आणि तरीही पुढच्याच वर्षी, २००४ साली, अजिंक्यपद डेट्रॉइटनेच मिळवले! मिलिचिच बहुतेक वेळ बाकावरच होता. मग या मापाने डेट्रॉइटला कुठे बसवायचे?

आता आपल्याकडे. आमच्या कसबा पेठेत क्रिकेटच्या खालोखाल कोणत्या खेळावर तावातावाने भांडणे होत असतील तर ती कबड्डीवर. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाल्यापासून तर ‘पुणेरी पलटण’ हा सगळ्यांचा घरचा विषय झाला आहे. या लीगमध्ये पाळी नाही, लिलाव आहे. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा घालून दिलेली असते. २०२३ च्या लिलावात ती पाच कोटी रुपये होती, आणि आधीपासून राखून ठेवलेल्या खेळाडूंचा खर्चही तीतच धरावा लागतो. त्यामुळे एका माणसावर दोन-अडीच कोटी लावणे म्हणजे निम्मी थैली एका झटक्यात रिकामी करणे. बास्केटबॉलमधल्या पहिल्या फेरीचे जे वजन, तेच इकडे या मोठ्या बोलीचे. शिवाय ‘न्यू यंग प्लेयर’ म्हणून काही कोवळी मुले बोलीशिवायच संघात घेता येतात. ही तरतूद फारसे कोणी ध्यानात घेत नाही. पण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

तो कसा, हे समजण्यासाठी कबड्डीचा एक साधा नियम आठवावा लागेल. बास्केटबॉलमध्ये मोठ्या खेळाडूचा नेम चुकला तर तो मैदानावरच राहतो आणि लगेच पुन्हा प्रयत्न करतो. कबड्डीत चढाईपटूची पकड झाली की तो बाहेर जाऊन बसतो. तो आत कधी येणार? त्याच्या साथीदारांनी समोरचा गडी बाद केला तर. एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होतो, तोही ज्या क्रमाने बाद झाला त्या क्रमाने. बोनस गुणाने कोणी जिवंत होत नाही. म्हणजे दोन कोटींचा चढाईपटू आत यावा की न यावा, हे नऊ-दहा लाखांच्या साथीदारावर अवलंबून! दुसरा चढाईपटू कच्चा असेल आणि कोपऱ्यातल्या बचावपटूंना पकड साधत नसेल, तर पहिला कितीही वाघ असो, चाळीस मिनिटांच्या सामन्यातला बराच वेळ तो रेषेबाहेर बसून टाळ्या वाजवतो.

तेलुगू टायटन्स या संघाचा हिशेब या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०१८ साली त्यांनी राहुल चौधरीसाठी १ कोटी २९ लाख मोजले. बाद फेरी हुकली. त्याच मोसमात मुंबईच्या यू मुंबाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांत घेतले होते. सिद्धार्थने चढायांचे २१८ गुण मिळवले. लगेच २०१९ मध्ये टायटन्सनी त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. सिद्धार्थ फसला का? मुळीच नाही. त्याने नव्या संघातही २१७ गुण मिळवले, म्हणजे एकच कमी. पण संघ बारांमध्ये अकरावा आला. २०२१ च्या लिलावात टायटन्सनी त्याला १ कोटी ३० लाखांना पुन्हा राखला, आणि या खेपेस तो सुरुवातीच्या काही सामन्यांतच जायबंदी झाला. बावीस सामन्यांत टायटन्सनी एक जिंकला. पुढे २०२३ साली त्यांनी पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार अशी त्या वेळची सर्वोच्च बोली लावली. पवनने दोनशेच्या वर गुण मिळवले. संघाने बावीसपैकी दोन सामने जिंकले आणि सलग तिसऱ्यांदा तळ गाठला.

यातला कोणता खेळाडू फसला? एक जायबंदी झाला, बाकीच्यांनी आपल्या परीने गुण मिळवले. फसला तो विचार. एक मोठा चढाईपटू आणला की बाकीचे आपोआप जुळते, हा विचार संघाने पाच वर्षे सोडला नाही. एका फसलेल्या निवडीवरून संघाबद्दल काहीच कळत नाही. तीच निवड नाव बदलून तीनदा झाली की मात्र बरेच कळते.

आता याच पवन सेहरावतची आदल्या वर्षीची गोष्ट. २०२२ च्या लिलावात तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतले. मोसमातल्या पहिल्याच सामन्यात, पहिल्या अर्ध्या वेळेतच त्याचा गुडघा दुखावला आणि तो पूर्ण मोसमाला मुकला. इतकी महाग निवड इतक्या लवकर वाया गेल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. वरच्या मापाने थलैवाज तळाला जायला हवे होते. ते गेले उपांत्य फेरीत, आणि तेही त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा! नरेंदर नावाच्या, पहिलाच मोसम खेळणाऱ्या मुलाने चढायांचे २४३ गुण मिळवले. उपांत्य सामन्यात आपल्या पलटणने त्यांना ३९-३७ असे जेमतेम हरवले. टायटन्स आणि थलैवाज या दोघांचाही मोहरा गुडघ्या-खांद्याच्या दुखण्याने बसला. एका संघाच्या मागे कोणी नव्हते, दुसऱ्याच्या मागे नरेंदर होता. माझ्या मते या मापाचा खरा उपयोग इथे आहे. निवड फसली तेव्हा तिच्या मागे कोण उभे होते, हे पाहावे.

इथे थोडे विषयांतर होईल, पण ते अवश्य आहे. ‘फसलेला’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आमच्या आळीतला एक मुलगा जिल्ह्याच्या निवड चाचणीपर्यंत गेला होता. उजव्या कोपऱ्यात त्याची घोट्याची पकड बघायला शेजारच्या पेठांतली पोरे येत. एका सामन्यात गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रियेला घरात पैसे नव्हते आणि ज्या मंडळासाठी तो खेळत होता त्याने हात झटकले. सहा महिन्यांत त्याचे नाव ‘फुसका बार’ पडले, आणि ते ठेवणाऱ्यांत त्याच्या पकडींना शिट्ट्या मारणारेच पुढे होते. निवडणाऱ्याची नजर चुकणे वेगळे, निवडलेल्याला चुकीच्या जागी खेळवणे वेगळे आणि नशिबाने पाय धरणे वेगळे. तिघांना एकच शिक्का मारला की संघाचा दोष खेळाडूच्या डोक्यावर जातो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि घरातली थैली काही मोठी नाही. तेव्हा ‘आपल्यावर पैसे लावले आहेत’ हे वाक्य रोज उशाशी घेऊन झोपणे काय असते याची मला थोडीबहुत कल्पना आहे. कोटीची बोली लागलेल्या मुलाला प्रत्येक चुकलेल्या चढाईनंतर ते प्रेक्षकांतून ऐकू येत असणार.

असो. आता पलटणचा हिशेब. पहिल्या दोन्ही मोसमांत आपण शेवटून पहिले, हे विसरून चालणार नाही. पुढे मंजीत छिल्लरच्या काळात दोनदा तिसरे आलो. २०१८ मध्ये नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख आणि २०१९ मध्ये पुन्हा त्याच्याचसाठी १ कोटी २० लाख दिले. दुखापतींमुळे तो दोन्ही मोसम पुरते खेळू शकला नाही आणि दोन्ही वेळा बाद फेरी हुकली; २०१९ ला तर आपण दहावे होतो. म्हणजे तोवर पलटण आणि टायटन्स यांच्या वहीत फारसा फरक नव्हता. २०२१ च्या लिलावात राहुल चौधरीला ४० लाखांना घेतले, तोही फारसा चालला नाही. पण त्याच वेळी ‘न्यू यंग प्लेयर’ म्हणून दोन मुले आली होती : अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. नावाजलेले दोघे मागे पडले आणि त्यांच्या जागी ही दोन पोरे उभी राहिली. संघ बाद फेरीत गेला. प्रशिक्षकाने त्यांना खेळवले नसते आणि मोठ्या नावांची पत राखण्यात मोसम घालवला असता, तर आज आपणही टायटन्सच्या रांगेत बसलो असतो.

इथून पुढे पलटणची खरेदी बदलली, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. चढाईची बाजू पोरांवर सोपवून पैसा बचावात लावला. २०२२ मध्ये इराणचा फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला. अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ असे हरलो. पुढच्या वर्षी फझलला सोडून त्याच्याच देशाचा मोहम्मदरझा शादलूई २ कोटी ३५ लाखांना आणला. थैलीचा जवळजवळ निम्मा भाग एका डाव्या कोपऱ्यावर! कट्ट्यावर तेव्हा पुष्कळांनी कपाळाला हात लावला होता. त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले, अस्लम मोसमातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असे हरवून पलटण प्रथमच अजिंक्य झाली. कोपरा बळकट असला की चढाईपटू बाहेर फार वेळ बसत नाही, हा वर सांगितलेल्या नियमाचाच परिणाम.

शादलूईची पुढची वाटचाल तर एखाद्या प्रयोगासारखी आहे, कारण माणूस तोच आणि संघ तीन. पलटणने त्याला सोडले. २०२४ मध्ये हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले, आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद हरियाणाने पटकावले. अंतिम सामना आपल्याच बालेवाडीत झाला आणि पलटणला मात्र बाद फेरीही गाठता आली नव्हती. अस्लम जखमी होऊन बसला होता, आणि या खेपेस त्याच्या मागे उभे राहील असे कोणी सापडले नाही. २०२५ मध्ये गुजरातने शादलूईसाठी २ कोटी २३ लाख मोजले. गुजरातचा संघ पहिल्या आठांतही आला नाही. पलटण त्या वर्षी कोणावरही इतकी मोठी बोली न लावता अस्लमच्याच नेतृत्वाखाली अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि दबंग दिल्लीकडून हरली.