सीतेची वेणी

मे महिन्याच्या अखेरीस सह्याद्रीच्या परिसरात एखाद्या जुन्या आंब्याकडे मान वर करून पाहा. गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचे लांब, भरगच्च तुरे फांदीवरून लोंबताना कदाचित दिसतील. हीच सीतेची वेणी. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. पुष्कळजण तिला बांडगूळ समजून खरवडून काढतात. हा तिच्यावर अन्याय आहे! बांडगूळ फांदीत घुसून झाडाचा रस शोषते. हे ऑर्किड फांदीला नुसते बिलगून असते. मग त्याला पाणी मिळते कोठून?

हवेत लोंबणारे त्याचे एखादे मूळ न तोडता पाहा. कोरडे असताना ते रुपेरी पांढरे दिसते. त्यावर पाण्याचे चार थेंब सोडा. बघता बघता ते हिरवे होईल. हा रंग आला कोठून? (इथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला राहवत नाही.) मुळाभोवती मृत, पोकळ पेशींचे आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरड्या पेशींत हवा भरलेली असते. पेशीभित्तिका आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत बराच फरक असल्याने प्रकाश जागोजागी विखुरतो व मूळ पांढरे दिसते. पाणी पडले की केशाकर्षणाने पेशी भरतात. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, म्हणजे हवेपेक्षा भित्तिकेच्या अधिक जवळचा. साहजिकच विखुरणे कमी होते आणि आतले हरितद्रव्य दिसू लागते. कागदावर तेल सांडले की डागातून पलीकडचे दिसते ना, तसेच हे. पावसाची सर टिपून घेणारा हा टिपकागदच म्हणा ना!

आसाममध्ये याला ‘कपौ फूल’ म्हणतात. ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. एप्रिलमध्ये रंगाली बिहूच्या नाचासाठी तरुणी हा तुरा अंबाड्यात माळतात. तुरा खुडला तरी रोप पुढच्या वर्षी पुन्हा फुलू शकते. औषधासाठी मात्र ऑर्किडांच्या मुळांवरच घाला पडतो. सीतेच्या वेणीची भाऊबंद व्हांडा टेसेलाटा हिची मुळे बंगालकडे ‘रास्ना’ म्हणून वापरतात. (गंमत अशी, की इतर प्रांतांत ‘रास्ना’ या नावाने निराळ्याच वनस्पती मिळतात.) मुळे गेली की टिपकागद गेला. नवे रोप येणेही सोपे नाही. बी धुळीइतके बारीक, त्यात अन्नसाठा जवळजवळ नाहीच. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते.

वादळात फांदी मोडून असे रोप खाली पडलेले आढळले, तर ते कुंडीतल्या मातीत पुरू नका, मुळे कुजतील. सुंभाने दुसऱ्या झाडाच्या खरबरीत सालीवर बांधा. मुळे पांढरी दिसली की पाणी शिंपडा, हिरवी असतील तर थांबा.