निरोपांचं ब्रॉडगेज

१८५५ मध्ये कल्याणहून पुढे निघालेली रेल्वे वाशिंदला येऊन थांबली होती. आसनगावपर्यंतचा पुढचा टप्पा खुला व्हायला १८६० साल उजाडलं. तेवढी वर्षं या मार्गाचं शेवटचं टोक आपलं वाशिंद होतं. आज त्याच मार्गावरून कसारा लोकल जाते, नाशिककडच्या मेल गाड्या जातात, मालगाड्याही जातात. डबा कुठल्या कारखान्यातला, इंजिन कोणत्या शेडचं, याने काही अडत नाही. दोन रुळांमध्ये पाच फूट सहा इंच अंतर असायचं, एवढं सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

माप जुळलं नाही तर काय होतं, ते बार्शीकरांनी सोसलं. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा रूळ अडीच फुटी होता. कुर्डुवाडीला मोठ्या रुळाशी गाठ पडली की पोती एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायची. दोन्ही गाड्या चांगल्या होत्या, पण एकीचे डबे दुसरीच्या रुळावर जाऊ शकत नव्हते.

निरोपांच्या ॲप्सचं आज कुर्डुवाडीच झालं आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी नागपूर-मुंबई दुरांतो आसनगाव-वाशिंद दरम्यान रुळावरून घसरली, तो दिवस इथले लोकलवाले विसरलेले नाहीत. माझ्या फोनवर तेव्हा एकच बातमी चार गटांत चार तऱ्हांनी फिरत होती आणि खरी माहिती मी या गटातून त्या गटात हाताने वाहत होतो. तेव्हापासून मनात आहे की गावातलं वाचनालय, शाळा, पावसाळ्यात मदतीला धावणारी मुलं आणि रोजचे प्रवासी यांचं एक सामायिक व्यासपीठ हवं. विषय काढला की पहिला प्रश्न येतो, ‘ॲप कुठलं घ्यायचं?’ माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. आधी प्रोटोकॉल ठरवायला हवा.

फोनमधलं ॲप म्हणजे क्लायंट. निरोप घेऊन, सांभाळून पुढे पोचवणारा दूरचा संगणक म्हणजे सर्व्हर. दोघांनी कोणत्या भाषेत, कोणत्या क्रमाने बोलायचं याचा लेखी करार म्हणजे प्रोटोकॉल. करार खुला असेल तर तो वाचून कुणीही ॲप किंवा सर्व्हर बनवू शकतो. बंद असेल तर कंपनी बदलली की आपला सारा संवाद मागेच राहतो. खुल्या कराराची सवय आपल्याला आहे. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये यूपीआय आणलं. स्टेशनबाहेर वडापाव घेणारा एका ॲपवर आणि विकणारा दुसऱ्या ॲपवर असला, तरी पैसे पोचतात. ईमेलचंही तसंच. निरोपांनाच ही मुभा का नसावी? ‘अरत्ताई’ हे निरोपांचं ॲप बनवणाऱ्या झोहो कंपनीच्या श्रीधर वेंबूंनी २०२५ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला.

खुले करार जुनेच आहेत. फिनलंडच्या यार्क्को ओइकारिनेनने १९८८ मध्ये आयआरसी तयार केलं. ते साधं आणि हलकं, पण जोडणी तुटलेली असताना आलेले निरोप त्यात मिळत नाहीत. वाशिंदसारख्या गावाला ते चालणार नाही. १९९९ मध्ये जेरेमी मिलरने जॅबर जाहीर केलं. २००४ मध्ये तेच एक्सएमपीपी या नावाने इंटरनेटचं मानक झालं.

एक्सएमपीपीतली एक सोय मला फार आवडते. टिटवाळा सुटलं, खडवली गेलं, फोनची रेंज गेली, जोडणी तुटली. अशा वेळी ॲप आणि सर्व्हर दोघेही आलेले निरोप मोजत असतात. रेंज परतली की ॲप सांगतं, ‘माझ्याकडे एकेचाळीसपर्यंत पोचले.’ सर्व्हर बेचाळिसाव्यापासून पुढे देतो. पुन्हा पहिल्यापासून ओळखपाळख नाही, निरोप गहाळ नाही. ही सोय ॲप आणि सर्व्हर दोन्हीकडे असायला मात्र हवी.

याच प्रोटोकॉलचा इतिहास एक धोकाही दाखवतो. २००५ चं गूगल टॉक एक्सएमपीपीवर होतं आणि पुढच्याच वर्षी बाहेरच्या सर्व्हरांसाठी खुलं झालं. २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि गूगलने त्या खुलेपणाकडे पाठ फिरवली. व्हॉट्सॲपचा पायाही सुरुवातीला इजॅबरडी या एक्सएमपीपीच्याच मुक्त सर्व्हरवर उभा होता, पण दार आतून बंद. करार खुला असूनही सगळे लोक एकाच सर्व्हरवर असतील, तर त्या सर्व्हरचा मालक म्हणेल तेच खरं ठरतं. अशी दारं उघडायला युरोपीय संघाला २०२२ मध्ये कायदा करावा लागला.

म्हणून मी २०१४ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिक्सकडे वळतो. एक्सएमपीपीमध्ये गटाची खोली सहसा एकाच सर्व्हरवर नांदते. तो बंद पडला की खोलीला कुलूप. मॅट्रिक्समध्ये खोलीत सामील असलेला प्रत्येक सर्व्हर तिच्या नोंदी स्वतःकडे ठेवतो. वाचनालयाचा सर्व्हर वीज गेल्याने बंद पडला, तरी शाळेच्या सर्व्हरवरची माणसं बोलत राहतात. वीज आली की वाचनालयाचा सर्व्हर मधले निरोप मागून घेतो. पावसाळ्यात तासन् तास वीज जाणाऱ्या तालुक्यात याचं मोल वेगळं सांगायला नको. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने आयआरसी सोडून मॅट्रिक्स घेतलं आणि २०२० च्या मार्चमध्ये जुना सर्व्हर बंद केला. फ्रान्स सरकारचं ‘चाप’ याच प्रोटोकॉलवर चालतं.

मॅट्रिक्सच्या अडचणीही आहेत. त्याचा रुळलेला सर्व्हर सिनॅप्स मोठ्या खोल्यांत बरीच मेमरी खातो, तर एक्सएमपीपी लहानशा यंत्रावरही निवांत चालतं. निरोप कुलूपबंद ठेवणारी किल्ली हरवली की जुनं वाचता येत नाही. आपल्या मावशी-काकांना ही किल्ली समजावून सांगायला धीर धरणारा माणूस लागेल. २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ ॲप्सवर बंदी घातली, त्यात मॅट्रिक्सचं सर्वांत माहितीतलं ॲप एलिमेंटही होतं. कायदा पाळूनच चालायचं. पण क्लायंट आणि प्रोटोकॉल वेगळे असल्याचा उपयोगही इथेच कळतो, कारण मॅट्रिक्सची दुसरी ॲप्स आहेत.

एकच संस्था, थोडी माणसं आणि हाताशी जुना संगणक असेल, तर बेलाशक एक्सएमपीपी घ्यावं. तीन-चार संस्थांनी मिळून, वर्षानुवर्षांच्या नोंदी जपत काम करायचं असेल, तर मॅट्रिक्स. वाशिंदचं काम दुसऱ्या प्रकारचं आहे. मात्र निदान दोन संस्थांनी आपापला सर्व्हर चालवायची जबाबदारी घ्यायला हवी. नाहीतर सगळे पुन्हा एकाच दाराशी उभे राहतील.

सर्व्हर उभा राहायला वेळ लागेल. तोवर या दिवाळीच्या सुट्टीत एवढं नक्की करा. तुमच्या संस्थेचा गट आज ज्या ॲपवर आहे, त्यातले निरोप, फोटो आणि सभासदांची यादी बाहेर काढून संस्थेच्या संगणकावर उतरवून ठेवा. काय बाहेर निघतं आणि काय आतच अडकतं, ते स्वतः पाहा, आणि पुढच्या सभेत सगळ्यांसमोर मांडा.