खाडीतला ट्राउट आणि वैनगंगेतला झिंगा

स्कॉटलंड, आयर्लंड, डेन्मार्क या देशांत नदी जिथे समुद्राला मिळते, त्या खाडीत भरतीच्या वेळी मांडीइतक्या पाण्यात उभी राहिलेली माणसे दिसतात. हातात लांब, लवचीक काठी असते. काठीला जाडसर दोरी आणि दोरीच्या टोकाला पिसे व रंगीत धागा बांधून केलेली कृत्रिम माशी. आपल्या नेहमीच्या गळाला शिशाचे वजन असते; ते भिरकावले की दोरी त्याच्या मागे जाते. इथे नेमके उलटे. माशीला वजनच नसते, वजन दोरीला असते. काठीच्या झटक्याने दोरी हवेत वळसा घेऊन पुढे जाते आणि माशी पाण्यावर अलगद उतरते. माशी हे आपले नावच. खाडीत पुष्कळदा ती कोळंबीची नक्कल असते. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या माशाला कोळंबी फार आवडते.

हा मासा म्हणजे सी-ट्राउट. तपकिरी ट्राउट जातीचाच तो. जन्म नदीच्या उगमाकडच्या गार पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळाशी. त्याची काही भावंडे जन्मभर नदीतच राहतात. काही मात्र वर्ष-दोन वर्षांनी समुद्राची वाट धरतात, तिथे खाऊन-पिऊन धष्टपुष्ट होतात आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढून येतात. या येण्याजाण्यात खाडी हे मधले ठाणे. गळवाले तिथे उभे राहतात ते त्यामुळेच.

आता भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला याचे काय? आपल्याकडे खाडी नाही, समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. पण वैनगंगेच्या काठच्या पवनीकडच्या एखाद्या म्हाताऱ्या ढिवराला विचारा, तो आधी झिंग्याचे नाव घेईल. लांब निळसर नांग्यांचा, वीतभर वाढणारा हा नदीतला झिंगा. शास्त्रज्ञ त्याला मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी म्हणतात. गंमत अशी, की ट्राउटसारखाच हाही दोन पाण्यांचा जीव आहे. फक्त त्याचा संसार उलटा आहे. ट्राउटचे बाळंतपण गोड्या पाण्यात आणि कमाई समुद्रात. झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याच्या पिल्लांना खारे पाणी लागते.

मादी पोटाखाली अंडी घेऊन वावरते. पावसाळ्याच्या पुरात ती खाली सरकते, किंवा अंड्यातून निघालेली डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले पाण्याबरोबर वाहत जातात. वाट केवढी? वैनगंगा वर्धेला भेटते, तिथून 113 किलोमीटर प्राणहिता, मग सिरोंचाजवळ गोदावरी, आणि राजमहेंद्रीच्या खाली समुद्र. मुखाजवळच्या मचूळ पाण्यात पिल्लू महिन्याहून अधिक काळ काढते, पुन्हापुन्हा कात टाकते, आणि मग कुठे त्याला झिंग्याचे रूप येते. रूप आले की ते उलटे फिरते. प्रवाहाविरुद्ध, काठाकाठाने, ओल्या दगडांवरून सरपटत वर चढते. आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 या काळात धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला. पुढे अशा बंधाऱ्यांच्या पायथ्याशी अडून राहिलेली झिंग्यांची पिल्लेच लोक बीज म्हणून गोळा करू लागले.

कॉटनचा बंधारा ठेंगणा होता. गोसीखुर्दचे धरण तसे नाही. 1988 साली पायाभरणी झालेले हे धरण साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याला 33 दरवाजे आहेत. धरणाच्या वरच्या अंगाला झिंगा दिसेनासा झाला, ही इथल्या ढिवरांची तक्रार आहे आणि झिंग्याचा जीवनक्रम पाहता ती पटण्यासारखीच आहे. शेत बुडाले तर सातबारा दाखवता येतो, घर बुडाले तर नमुना आठ. नदीतला झिंगा गेला, हे कोणत्या कागदावर दाखवायचे?

ट्राउटच्या देशांतही धरणे आहेत, बरे का. स्कॉटलंडमध्ये पिटलॉक्री येथे 1950च्या सुमारास धरण झाले, तेव्हा त्याच्या कडेने 310 मीटर लांबीचा माशांचा जिना बांधला गेला. पाण्याची 34 टाकी, एकाहून एक थोडी उंच. मासा एकेक टाके चढत वर जातो. इंग्लंडात तर नव्या बंधाऱ्याला माशांची वाट ठेवली पाहिजे, असा कायदा 1861 सालीच झाला. याचे एक कारण उघड आहे. तिथे नदीकाठचे जमीनदार, सरदार हातात गळ घेऊन उभे राहत. माशाच्या बाजूने बोलणारी माणसे वजनदार होती. आपल्या झिंग्याच्या बाजूने बोलणारा ढिवर होता.

अलीकडे गोदावरीवरच्या पोलावरम धरणाच्या सांडव्यात माशांसाठी जिन्याची सोय केलेली आहे, म्हणजे आपल्याकडे हे जमत नाही असे नाही. मात्र झिंगा ट्राउटसारखी उडी मारत नाही, त्याला सरपटायला खडबडीत, ओलसर उतार हवा. परदेशात अहिरीसारख्या लांबट माशांच्या पिल्लांसाठी असे उतार करतात. खर्च धरणाच्या मानाने किरकोळ.

अंड्यातून कृत्रिमरीत्या झिंगा तयार करण्याचे तंत्र भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय संस्थेने बसवले आहे. टाक्यांत मचूळ पाणी करून पिल्ले वाढवायची आणि जलाशयात सोडायची. पीक म्हणून हे चांगलेच. पण ती पिल्ले दरवर्षी विकत आणावी लागणार. जलाशयात वाढलेल्या मादीची पिल्ले तिथल्या गोड्या पाण्यात जगत नाहीत.

आणि जिना बांधला तरी एक अडचण उरते, ती उतरणीची. नवजात पिल्लू काही दिवसांत खाऱ्या पाण्याजवळ पोहोचले नाही तर मरते. वाहत्या पुरात ते वेगाने जाते, पण जलाशयाच्या साठलेल्या पाण्यात तेच दिवस वाया जातात. पुराच्या वेळी गोसीखुर्दचे दरवाजे उघडतात, तेव्हा वरून सुटलेल्या पिल्लांना खाली जायला थोडी संधी मिळते. वाचलेली पिल्ले मोठी होऊन परत वर येऊ लागतात, तोवर पावसाळा सरलेला असतो आणि पाणी साठवण्यासाठी दरवाजे बंद झालेले असतात.