आवाजाला इस्त्री, पण बेताची

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घरोघरी एक चांगली सवय लागली आहे. आजीच्या ओव्या, आजोबांच्या आठवणी, धारवाडकडून आलेल्या सुनेचे कन्नड जोगुळ, सारे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले जाते. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे विद्यार्थी ही ध्वनिमुद्रणे घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांची तक्रार एकच असते. ‘सर, मध्येच काही ऐकू येत नाही आणि मध्येच कान फाटतो!’

समोर बसलेल्या माणसाचे हळू बोलणे आपण ओठांकडे पाहून, पुढे वाकून समजून घेतो. ध्वनिमुद्रणात ती सोय नसते. तिथे कॉम्प्रेसर कामाला येतो. हा फाइल लहान करणारा नव्हे, तर मोठा आवाज दाबणारा. आपण त्याला एक पातळी ठरवून द्यायची. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आवाज त्या पातळीच्या वर गेला, की तो ठरलेल्या प्रमाणात दाबतो. प्रमाण ४:१ असेल, तर ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. मग एकूण आवाज थोडा वाढवला, की पुटपुटलेले शब्दही कळतात.

ही कपड्याला इस्त्री करण्यासारखीच गोष्ट आहे. फार तापली तर कापड जळते. ओव्या, गप्पांसाठी २:१ किंवा ३:१ प्रमाण पुरेसे होते. आईच्या एका ओवीच्या मी दोन प्रती केल्या, एक खूप दाबलेली आणि एक बेताची. दोन्ही ऐकून ती म्हणाली, ‘पहिली कुणाचीही असेल रे, ही माझी.’

कुमार गंधर्वांचेच पाहा. १९२४ साली आपल्या सुळेभावीत, कन्नड घरात जन्मलेल्या या गायकाच्या गाण्यात हळुवार सूर आणि अचानक घेतलेली झेप शेजारी शेजारी नांदतात. दोन्ही एकाच पातळीवर आणले तर कुमारजी उरतील का?

कॉम्प्रेसरमुळे आणखी एक दुखणे उपटते. स्वर मोठे असतात, ते दाबले जातात. ‘स’, ‘श’ मात्र पातळीच्या खाली राहून सुटतात आणि एकूण आवाज वाढवताना तेही वाढतात. मग ‘सासूबाई’ म्हटले, की कानात सुई टोचल्यासारखे होते. त्यावर उपाय डी-एसर. हाही कॉम्प्रेसरच, पण साधारण ५ ते ८ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यावर, म्हणजे सीत्काराच्या जागीच लक्ष ठेवणारा. बायकांच्या आवाजात ही जागा बहुधा थोडी वर सापडते.

आपल्या दुभाषी घरांनी इथे जास्त जपायला हवे. ‘चार’ आणि ‘चूल’ यांतले दोन ‘च’ वेगळे. ‘चूल’, ‘चाक’ यांतल्या ‘च’मध्ये ‘स’ मिसळलेला असतो. प्रमाण कन्नडमध्ये हा भेद नाही. डी-एसर जास्त झाला, तर ‘सासू’ बोबडी होते आणि ‘चूल’ ‘तूल’कडे झुकते. ज्या नातवंडांचे शिक्षण कन्नड किंवा इंग्रजीतून होते, त्यांना हा उच्चार आजीकडूनच मिळणार आहे. तोच पुसला गेला, तर ध्वनिमुद्रण कशासाठी?

म्हणून निम्मे काम मुद्रण करतानाच उरकावे. पंखा बंद करा. मोबाइल तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, वीतभर अंतरावर ठेवा. नंतर आधी कॉम्प्रेसर आणि मग डी-एसर, दोन्ही हलक्या हाताने वापरा. आधीचा आणि नंतरचा आवाज सारख्याच मोठेपणाने ऐकून ताडा, कारण मोठे ते चांगले असे कानाला उगाच वाटते. आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा.